पानगळीच्या रानातील संध्याकाळ: रातवा आणि घुबडे शोधायला प्रथमच निघणाऱ्यांसाठी

रात्रीचे पक्षी पाहायला प्रथमच निघालेली व्यक्ती बहुधा आधी टॉर्चची चौकशी करते. मी मात्र अशा प्रत्येकाला आधी दोन गोष्टी विचारतो. ज्या रानात जायचे आहे तेथील जमीन उघडी, मुरमाड आहे की वाळल्या पानांनी झाकलेली आहे? आणि ढोली पडलेले एखादे जुने झाड तेथे उरले आहे का? एवढे ठाऊक असेल, तर त्या संध्याकाळी कोणते पक्षी भेटतील याचा अंदाज घरी बसूनही बांधता येतो. ठाऊक नसेल, तर उत्तम टॉर्च आणि महागडी दुर्बीण जवळ असूनही दोन-तीन तास अंधारात चालून हाती काही लागत नाही.

पुढील माहिती पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील पुरंदर, दौंड, बारामती या कोरड्या पट्ट्याला धरून लिहिली आहे. येथे रान म्हणजे सलग जंगल नव्हे. खडकाळ माळ, त्यावर बोर, हिवर आणि बाभळीची विरळ झुडपे, उतारावर सलई, मोई आणि पळस, ओढ्याकाठी करंज, गावाच्या वाटेवर एखादा जुना वड आणि मध्येच लागवडीतील गिरिपुष्पाच्या सरळ रांगा, असा हा तुकड्यातुकड्यांचा प्रदेश आहे. हे रान दोन प्रकारे बदलत असते. एक बदल दरवर्षीचा: माघ-फाल्गुनात पानगळ होते, सलई आणि मोई निष्पर्ण होतात, पळस फुलतो आणि आषाढात पुन्हा सारे हिरवे होते. दुसरा बदल मात्र एकाच दिशेने चाललेला आहे. माळावर लागवड होते, लागवड नाही तेथे प्लॉट पडतात आणि रस्ता रुंद करताना वाटेवरचा वड जातो. रात्रीच्या पक्ष्यांवर या दोन्ही बदलांचा परिणाम होतो आणि नवख्या निरीक्षकालाही तो पहिल्याच वर्षी जाणवू लागतो.

रान आधी दिवसा पाहावे

पहिली पायरी अंधाराची नाही. ज्या वाटेने संध्याकाळी चालायचे आहे, ती निदान एकदा तरी लख्ख उजेडात चालून पाहावी आणि शक्यतो ती दोन किलोमीटरपेक्षा लांब नसावी.

रातवा, म्हणजे इंग्रजीत ज्याला नाइटजार म्हणतात तो पक्षी, घरटे बांधत नाही. मादी उघड्या जमिनीवर, थोड्याशा वाळल्या पानांच्या किंवा खड्यांच्या आडोशाला बहुधा दोन अंडी घालते आणि तिचा खैरा, राखी, काळ्या रेघोट्यांचा रंग हेच त्यांचे एकमेव संरक्षण असते. म्हणून रातव्यासाठी मुरमाड माळ, विरळ झुडपे, पाणंद किंवा फुफाट्याचा कच्चा रस्ता शोधावा. घुबडांचे तसे नाही. त्यांना ढोल लागते किंवा कडा लागतो. पिंगळ्याला जुन्या बाभळीची, आंब्याची वा पिंपळाची लहान ढोलही पुरते. वन घुबडाला, म्हणजे इंग्रजीत ज्याला मॉटल्ड वूड आउल म्हणतात त्या मोठ्या घुबडाला, वडा-आंब्यासारखे दाट आणि वयस्क झाड हवे असते. शृंगी घुबड ओढ्याच्या तुटलेल्या दरडीवर, कड्याच्या खोबणीत किंवा बंद पडलेल्या दगडखाणीत राहते. गव्हाणी घुबड तर माणसाच्या शेजारीच, जुन्या वाड्यांत आणि देवळांच्या शिखरांत वस्ती करते, त्यामुळे त्याच्यासाठी रानात जाण्याची गरज नसते.

गिरिपुष्पाविषयी येथे थोडे सविस्तर लिहितो, कारण नवखे लोक गर्द झाडी पाहून तिकडेच वळतात. हे झाड मूळचे मध्य अमेरिकेतील आहे. ते झपाट्याने वाढते, फांदी रोवली तरी जगते आणि आपल्याकडची जनावरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. म्हणून टेकड्या लवकर हिरव्या करण्यासाठी त्याची मोठ्या प्रमाणावर लागवड झाली. पुण्यातील वेताळ टेकडीवर ते कोणालाही पाहता येईल. त्याला उंदीरमारी असेही नाव आहे, कारण त्याची बी आणि साल उंदीर मारण्यासाठी वापरली जात असे. झाड म्हणून ते वाईट आहे असे मी म्हणणार नाही. माघात त्याच्या निष्पर्ण फांद्यांना येणारे गुलाबी फुलोरे सुंदरच दिसतात. परंतु त्याची बारकी, दाटीने उभी राहिलेली खोडे ढोली धरत नाहीत आणि त्याच्या सावलीत व पाचोळ्यात उघडी जमीन झाकून जाते. रातव्याची जागा गेली आणि घुबडाची जागा अजून झाली नाही, अशी ही मधली अवस्था असते. तेथे आत शिरून उभे राहण्यापेक्षा लागवड जेथे संपते आणि माळ सुरू होतो त्या कडेने चालावे. झाडीतून निघालेले किडे आणि मोकळ्या जागेवर शिकार करणारे पक्षी या कडेवर एकत्र येतात.

दिवसाच्या फेरीत जुन्या झाडांच्या बुंध्याशी थांबून खाली पाहावे. खोडावर आणि दगडावर पांढऱ्या विष्ठेचे फराटे असतील, तर वर कोणीतरी नियमित बसते हे नक्की. त्याच जागी करड्या रंगाच्या, अंगठ्याएवढ्या वाळक्या गोळ्या सापडल्या तर ती घुबडाचीच बैठक समजावी. घुबड लहान भक्ष्य सहसा अख्खे गिळते. हाडे, केस आणि किड्यांची कवचे पचत नाहीत, त्यांचा पोटात गोळा होतो आणि तो तोंडावाटे बाहेर टाकला जातो. अशी एक गोळी कागदावर घेऊन काडीने हलकेच उकलून पाहावी. वरचा केसांचा थर सुटतो, आत बारीक फासळ्या, मग एक लहानशी कवटी आणि तिच्यात अजून घट्ट बसलेले उंदराचे नारिंगी सुळकेदार पुढचे दात दिसतात. पिंगळ्याच्या गोळीत बहुधा भुंगेऱ्यांच्या पंखांची चकचकीत टरफले अधिक असतात. नंतर हात साबणाने धुवावेत. शेतकऱ्याशी बोलताना अशी उकललेली गोळी दाखवली की घुबड शेताच्या किती उपयोगाचे आहे, हे निराळे सांगावे लागत नाही.

याच फेरीत परवानगीचे काम उरकावे. अभयारण्यांत सूर्यास्तानंतर प्रवेश नसतो, वनखात्याच्या इतर जागांवर रात्री थांबण्यासाठी परवानगी घ्यावी लागते आणि शहरालगतच्या टेकड्यांवर सुरक्षिततेच्या कारणाने वेळेची बंधने असतात. ती पाळावीत. नवशिक्यांसाठी गावाचे गायरान, पाणंद आणि ओळखीच्या शेतकऱ्याचा बांध या जागा सर्वांत सोयीच्या ठरतात. गावात सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना आधी भेटून किती जण, कोणत्या वाटेने, किती वाजेपर्यंत असणार आहोत हे सांगून ठेवावे. रात्री अनोळखी माणसे टॉर्च घेऊन शिवारात फिरताना दिसली तर गावकऱ्यांना संशय येणे स्वाभाविक आहे. त्याखेरीज या भेटीचा दुसराही लाभ होतो. शेताला रात्रीचे पाणी देणाऱ्या माणसाला घुबड कोणत्या खांबावर बसते, हे कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक नेमके माहीत असते.

सागाच्या जंगलातील रानपिंगळ्याविषयी नेहमी विचारले जाते, म्हणून त्याचा उल्लेख करून ठेवतो. इंग्रजीत फॉरेस्ट आउलेट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन १८७३ साली झाले. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा पुरावा मिळाला नव्हता आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ पुन्हा दिसला. पुढे मेळघाटात आणि ठाणे जिल्ह्यातील तानसा परिसरातही त्याची नोंद झाली. तो प्रामुख्याने दिवसा वावरतो, त्यामुळे त्याच्यासाठी अंधारात जाण्याचे प्रयोजन नाही.

तिथी, ऋतू आणि वारा

फाल्गुन ते वैशाख हा काळ नवशिक्यांना सर्वांत अनुकूल असतो. पाने झडलेली असल्याने फांदीवरील घुबडाची आकृती मावळत्या आकाशावर स्वच्छ उमटते, रातव्यांचा विणीचा हंगाम सुरू असल्यामुळे ते भरपूर बोलतात आणि जमीन कोरडी असल्याने चालणे सोपे जाते. शृंगी घुबडाचा आवाज ऐकायचा असेल तर मात्र थंडीत, कार्तिक ते माघ या दरम्यान जावे, कारण त्याची वीण आधी सुरू होते. पावसाळ्यात किडे मुबलक असले तरी बेडकांच्या गजरात पक्ष्यांचे आवाज बुडून जातात आणि गवतात पायाखालचे दिसत नाही, म्हणून पहिल्या वर्षी तो टाळलेला बरा.

तिथी पाहून दिवस ठरवावा. रातवा किडे पकडतो ते डोळ्यांनी पाहून, त्यामुळे चांदण्या रात्री तो अधिक वेळ हालचाल करतो आणि अधिक बोलतो. शुक्ल पक्षातील अष्टमी ते चतुर्दशी या दिवसांत सूर्य मावळताना चंद्र आधीच आकाशात असतो. वाट दिसते, टॉर्चची गरज कमी पडते आणि पक्षीही जागचे हलतात. भिंतीवरचे कालनिर्णय यासाठी पुरेसे आहे.

तिथी उत्तम असली तरी वारा असेल तर बेत पुढे ढकलावा. या उपक्रमातील बहुतांश ओळख कानांनी होते आणि वाऱ्यात वाळली पाने सळसळू लागली की पन्नास पावलांवरचा रातवाही ऐकू येत नाही.

सोबत काय असावे

घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट, जाड कापडाची पूर्ण विजार, मळखाऊ रंगाचे कपडे, एक काठी, पाण्याची बाटली, पूर्ण चार्ज केलेला मोबाइल, वही आणि पेन्सिल. दुर्बीण असल्यास ८×४२ या मापाची संधिप्रकाशात चांगली चालते, नसल्यास तिच्यासाठी थांबू नये. टॉर्च दोन असावेत. एक वाट पाहण्यासाठी मंद, त्याच्या काचेवर लाल जिलेटिन कागद रबराने बसवावा, कारण लाल उजेडात डोळ्यांची अंधाराला सरावलेली नजर मोडत नाही. दुसरा जरा दूरवर जाणारा, पण तो खिशातच राहावा. सरसरणारी विंडचीटर आणि सुवासिक फवारे घरी ठेवावेत. गट चार ते सहा जणांचा असावा. एकट्याने जाऊ नये आणि दहा जणांनीही जाऊ नये.

घरून निघण्यापूर्वी आठवडाभर रोज थोडा वेळ आवाजांचा अभ्यास करावा. झेनो-कँटो या संकेतस्थळावर आणि कॉर्नेल विद्यापीठाच्या मर्लिन या ॲपमध्ये आपल्याकडील घुबडांची व रातव्यांची ध्वनिमुद्रणे ऐकता येतात. सगळी एकदम ऐकू नयेत, पहिल्या संध्याकाळसाठी पाच आवाज पुरेसे आहेत. मराठी नावे पुस्तकागणिक आणि गावागणिक थोडी बदलतात हेही ध्यानात असू द्यावे.

सूर्यास्तापासून पुढचे दोन तास

मार्चच्या मध्याला पुणे परिसरात सूर्य साधारण पावणेसातला मावळतो, डिसेंबरच्या आरंभी सहाच्या सुमारास. त्याच्या पाऊण तास आधी जागेवर पोहोचावे, वाहन वाटेच्या तोंडाशीच ठेवावे आणि ठरवलेल्या पहिल्या ठिकाणी खाली बसावे. आपल्या अक्षांशावर संधिप्रकाश फार टिकत नाही. सूर्य गेल्यापासून वीस-पंचवीस मिनिटांत रंग दिसेनासे होतात आणि नवशिक्यांकडून नेमका हाच वेळ चालण्यात व बोलण्यात वाया जातो.

या वेळी दिवसाचे पक्षी आवरते घेत असतात. तितरांची शेवटची हाक, मोराचे झाडावर चढणे, टिटवीची तक्रार हे सर्व होऊ द्यावे. मग पहिला येतो पिंगळा. तो पूर्ण अंधाराची वाट पाहत नाही. ढोलीच्या तोंडाशी किंवा तारेवर येऊन बसतो, आपल्याकडे पाहत मान खाली-वर करतो आणि जोडीदार आला की दोघे मिळून चिरुर्र-चिरुर्र असा कलकलाट करतात. पहाटे दारी येऊन कुडमुडे वाजवीत भविष्य सांगणाऱ्या पिंगळ्याशी याचे नाव सारखे आहे, त्यामुळे खेड्यात हा पक्षी सर्वांना ठाऊक असतो. पिंगळ्यावर नजर बसवून घ्यावी, कारण आकार, बैठक आणि डोळ्यांची ठेवण शिकण्यासाठी एवढा सोशिक पक्षी दुसरा नाही.

सूर्यास्तानंतर साधारण पंधरा-वीस मिनिटांनी, आकाशाची कड अजून तांबूस असताना, माळावरून रातव्याची पहिली हाक येते: चक्-चक्-चक्-चकर्र. टेबलावर पिंगपाँगचा चेंडू सोडून दिला की तो जसा जवळजवळच्या टप्प्यांनी थांबत जातो, अगदी तशीच तिची लय असते. ही आपल्याकडच्या साध्या, म्हणजे भारतीय रातव्याची हाक. फ्रँकलिनचा रातवा मात्र एकच तीक्ष्ण, चाबूक ओढल्यासारखी च्वीक् अशी हाक देतो आणि ती बरेचदा डोक्यावरून उडत असताना देतो. डोंगराकडच्या दाट झाडीत ठकू-ठकू असा सावकाश, एकसारखा, लाकडावर ठोकल्यासारखा आवाज येत राहिला तर तो रान रातवा होय. तीनही पक्षी दिसायला इतके सारखे आहेत की अनुभवी माणूसही अंधारात रंगावरून निश्चित नाव सांगत नाही, आवाजावरूनच सांगतो. ज्या माळावर झाडी दाटत चालली आहे तेथे या तिघांपैकी कोण बोलतो आहे, याची नोंद म्हणूनच मोलाची असते.

हाक आल्यावर लगेच त्या दिशेने धावू नये. दोन-तीन मिनिटे तेथेच थांबून हाका मोजाव्यात, दुसरा रातवा उत्तर देतो का ते ऐकावे, कानामागे तळहात धरून दिशा पक्की करावी. मग पाणंदीने हळूहळू चालावे. दिवसभर तापलेल्या फुफाट्याच्या रस्त्यावर रातवे येऊन बसतात. टॉर्च गालाजवळ, डोळ्यांच्या पातळीवर धरून प्रकाश रस्त्यालगत सोडला, तर वीस-तीस पावलांवर निखाऱ्यासारखा एक तांबडा ठिपका पेटतो. तो रातव्याचा डोळा. प्रकाश तेथून लगेच बाजूला घ्यावा आणि त्याच्या कडेच्या अंधुक उजेडात पक्षी पाहावा. आधी काहीच दिसत नाही, केवळ एक मातकट ढेकूळ वाटते. मग त्या ढेकळाला चपटे डोके फुटते, पाठीवरच्या काळ्या रेघा पानांच्या शिरांसारख्या उमटतात, गळ्यावरचा पांढरा डाग दिसतो. चोच इतकी बारीक की ती शोधावी लागते, पण ती उघडली म्हणजे तोंड डोळ्यांच्या मागपर्यंत फाकते आणि उडत्या पतंगाला त्यातून सुटका नसते. पक्षी उठला तर पंखाकडे लक्ष द्यावे, नराच्या पंखांवर पांढरे ठिपके चमकून जातात. तो परत त्याच जागी येण्याची शक्यता बरीच असते, म्हणून दहा मिनिटे तेथेच उभे राहावे.

जमिनीवर टॉर्चच्या उजेडात निळसर-हिरवे, टाचणीच्या टोकाएवढे शेकडो ठिपके चमकतील. ते दवबिंदू नव्हेत, ते कोळ्यांचे डोळे आहेत. एखाद्या ठिपक्यापर्यंत चालत जाऊन खात्री करून घ्यावी, पुन्हा गोंधळ होत नाही.

साडेसातच्या पुढे माळावर करवानकांची शिट्टीसारखी, चढत जाणारी पिक्-पिक्-पिक्विक् ऐकू येते. मोठ्या पिवळ्या डोळ्यांचा आणि लांब पायांचा हा पक्षी दिवसा झुडपाखाली निश्चल उभा असतो, संध्याकाळनंतर मात्र माळ त्याचाच असतो. यानंतर जुन्या झाडांकडे वळावे. आमराईत किंवा चिंचेखाली दर काही सेकंदांनी वुक् असा, बेडकाचा वाटावा असा मऊ, प्रश्नार्थक आवाज येत असेल तर तो शिंगळा घुबडाचा. त्याला पाहण्याचा आग्रह धरू नये. खोडाच्या सालीत तो असा मिसळून जातो की पहिल्या काही वेळी तो केवळ ऐकायचाच पक्षी आहे असे समजावे.

वडाशी पोहोचल्यावर बुंध्याखाली जाऊ नये, तीस-चाळीस पावले अलीकडे, आकाश पाठीशी दिसेल असे थांबावे. वन घुबडाची हाक थरथरत, लांबत जाणारी हुवाऽऽ अशी असते आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. गावागावांतील वडावरच्या भुतांच्या कितीतरी कथांचा उगम या हाकेत असावा असे मला वाटते. शृंगी घुबडाचा स्वर याच्या उलट, खोल आणि संयत असतो: बु-बूऽ, दुसरा स्वर लांबलेला. दगडखाणीच्या कड्यावर त्याच्या डोक्यावरचे दोन पिसांचे शेंडे आकाशावर उमटतात, तेव्हा वेगळी ओळख विचारावी लागत नाही.

या सगळ्या वेळात बोलणे कुजबुजीतही टाळावे. घुबडाच्या पंखांची कड झालरीसारखी असते, त्यामुळे त्याच्या उडण्याचा आवाज होत नाही. गव्हाणी घुबडाचे दोन्ही कान डोक्यावर कमी-अधिक उंचीवर असतात आणि आवाज कोठून आला हे ते पूर्ण अंधारातही नेमके ताडते. आपले एक खाकरणे त्याच्या शिकारीत किती व्यत्यय आणत असेल, याची कल्पना यावरून करता येईल. बोलायचेच असेल तर हात वर करून गटाला थांबवावे आणि दिशा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे हाताने दाखवावी.

टॉर्च आणि ध्वनिमुद्रण

घुबडावर थेट प्रकाश टाकायचाच झाला तर तो तीन-चार सेकंदांपेक्षा अधिक नसावा आणि एका पक्ष्यावर पुन्हा पुन्हा नसावा. ढोलीवर, पिलांवर आणि जमिनीवर बसून राहिलेल्या रातव्यावर तर मुळीच नाही. रातवा जवळ जाऊनही उडत नसेल, तर तो अंड्यांवर आहे असे धरून चालावे आणि आल्या पावली, त्याच पावलांच्या खुणांवरून मागे फिरावे. फ्लॅश वापरू नये.

मोबाइलवर हाक लावून पक्ष्याला बोलावणे ही सवय लावून घेऊ नये. माझ्या सुरुवातीच्या काळात आमच्या गटाने एका वडाजवळ वन घुबडाची हाक लावली होती. मादी ढोलीतून निघाली, आमच्या डोक्यावरून दोनदा गेली आणि समोरच्या झाडावर बसून जवळजवळ अर्धा तास हाका देत राहिली. तेवढा वेळ तिची ढोल उघडी होती आणि खाली बांधावर मांजर फिरत होते. आम्हाला पक्षी फार चांगला दिसला होता. ती संध्याकाळ मला अजूनही बोचते.

ढोलीची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नये. घुबडांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षण आहे, तरीही जादूटोण्यासाठी त्यांची चोरटी विक्री होते आणि दिवाळीच्या सुमारास तिला ऊत येतो. गावात घुबडाबद्दल भीती असेल तर ती खोडून काढण्याची घाई करू नये. घुबडाला दगड मारला तर ते तो झेलून पाण्यात टाकते आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजत जातो, असे आमच्याकडे आजी-आजोबा सांगत. या समजुतीने कितीतरी घुबडे दगडांपासून वाचली असतील. पुरंदर तालुक्यातील पिंगोरी गावात इला फाउंडेशनने २०१८ साली उलूक उत्सव भरवला होता. गावाला सोबत घेऊन केलेले असे काम भीती कमी करण्यात अधिक उपयोगी पडते.

पायाखालचे धोके

रातव्याला आवडणारी जमीन फुरशालाही आवडते. मुरमाड माळ, सैल दगड, बोरीची जाळी या सर्व जागा त्याच्याच आहेत. रात्री प्रत्येक पाऊल टाकण्यापूर्वी मंद टॉर्च जमिनीवर असावा, दगड उलटू नयेत, बांधावर न पाहता बसू नये. करवतीसारखी खरखर ऐकू आली तर जागच्या जागी थांबून आवाज कोठून येतो ते पाहावे आणि मग मागे सरावे. घोणस आणि मण्यार याच वेळी बाहेर असतात. दंश झालाच तर जखम कापू नये, चोखू नये, घट्ट बांधू नये. तो अवयव न हलवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि सर्पविषावरची लस असलेल्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात पोहोचावे. असे रुग्णालय कोणते, याची चौकशी दिवसाच्या फेरीतच करून ठेवावी.

विहिरींविषयी कोणी फारसे सांगत नाही, पण मला सापांपेक्षा त्यांची चिंता अधिक वाटते. या भागात कठडा नसलेल्या जुन्या विहिरी शेताच्या कोपऱ्यात, गवतात दडलेल्या असतात आणि डोळे झाडाच्या शेंड्याकडे लागलेले असताना माणूस पावले मोजत नाही. नियम साधा आहे: वर पाहायचे तर उभे राहून, चालायचे तर खाली पाहून. रानडुकरांसाठी शेताभोवती लावलेल्या तारांतही कधी कधी वीज सोडलेली असते, म्हणून कोणत्याही तारेला हात लावू नये, तिच्यावरून पाय टाकू नये.

उसाच्या कडेने चालणे टाळावे, कारण आता या तालुक्यांतही बिबट्याचा वावर आहे. गुडघ्याच्या उंचीवर हिरवट-पिवळ्या डोळ्यांची जोडी चमकली आणि ती स्थिर राहिली, तर सर्वांनी एकत्र यावे, खाली वाकू नये, पळू नये, मोठ्याने बोलत सावकाश मागे यावे. बहुतेक वेळा ते कुत्रे किंवा कोल्हा निघतो. मेंढवाड्याजवळून जाताना दुरूनच धनगराला हाक द्यावी, म्हणजे तो कुत्री आवरतो.

टिपण

प्रत्येक थांब्यावरचे टिपण तेथेच, लाल उजेडात करावे, घरी जाऊन आठवून लिहू नये. वेळ, जागा, आवाज की दर्शन, किती पक्षी, जमीन कशी, झाडांना पाने आहेत की नाहीत, वारा, चंद्र, एवढे पुरे. काही ऐकू आले नाही हेही लिहावे, कारण पाच वर्षांनी तेथे काय बदलले हे त्या रिकाम्या ओळींवरूनच कळते. नंतर हीच माहिती ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरता येते, तेथे ढोलीची खूण मात्र देऊ नये. पुढची फेरी महिन्याने, त्याच तिथीला, त्याच वाटेने, त्याच क्रमाने करावी. नमुन्यादाखल माझ्या वहीतील एका संध्याकाळची पाने उतरवून देतो.

फाल्गुन शुद्ध एकादशी. वारा नाही. सलई, मोई निष्पर्ण, पळस फुलात. ६.४० बाभूळ, पिंगळा जोडी, दर्शन. ७.०५ माळ, साधा रातवा, आवाज, दोन दिशांनी. ७.२० पाणंद, रातवा एक, फुफाट्यात बसलेला, नर. ७.४० गिरिपुष्पाची लागवड, आत दहा मिनिटे, काही नाही. ७.५५ लागवडीची माळाकडची कड, साधा रातवा एक, करवानक आवाज. ८.२० ओढ्याकाठचा वड, वन घुबड, आवाज, एक. बुंध्यावर रस्त्याच्या मोजणीचा ताजा लाल रंग.